मामांचा गेज, भाचीचा उपग्रह

दिवाळीतल्या एका सकाळी लोणारच्या विवराच्या काठावर मामा-भाची उभे होते. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, नोकरीची बरीच वर्षं उजनीवर काढलेले. धरणावरची पातळीची रंगवलेली पट्टी, खात्याच्या बोलीत ‘गेज’, रोज सकाळी वाचायची, आकडा वहीत लिहायचा आणि वर कळवायचा, हे त्यांचं काम. भाची हैदराबादला असते, हिमालयातले तलाव उपग्रहचित्रांत मोजते. पाच हजार मीटर उंचीवरचे शेकडो तलाव तिला तोंडपाठ आहेत आणि त्यांतल्या एकाच्याही पाण्यात तिनं अजून हात बुडवलेला नाही. दिवाळीला ती मेहकरला आजोळी आली की एक सकाळ लोणारची, हा दोघांचा शिरस्ता. तिथं भांडायचं, हाही.

यंदाचं भांडण फोनवरच्या दोन चित्रांवरून लागलं.

“हे बघा मामा. २५ मे २०२०, तळं हिरवं. १० जून २०२०, तळं गुलाबी. लँडसॅट-८ हा उपग्रह सोळा दिवसांनी त्याच जागेवर परत येतो. एका फेरीला हिरवं, दुसऱ्या फेरीला गुलाबी. टाळेबंदीत माणूस घराबाहेर पडत नव्हता, पण वरून सगळं टिपलं जात होतं.”

“गुलाबी झालं ते गावातल्या गुराख्यालाही दिसलं होतं,” मामा म्हणाले. “काहून झालं, ते कोणी सांगितलं? तुझ्या लँडसॅटनं?”

सांगितलं होतं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं, तेही बाटल्यांत भरून नेलेल्या पाण्यावरून. त्या उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात मजेत जगणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव माजले. बाटली काही दिवस शांत ठेवल्यावर ते जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, पाण्यात राहणाऱ्यांचा होता. ही गोष्ट सातशे किलोमीटर उंचीवरून कळण्यासारखी नव्हती, हे भाचीनं मुकाट्यानं कबूल केलं.

उतार उतरून दोघं पाण्याकडे निघाले. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, तळातलं पाणी सव्वा किलोमीटरभर रुंद. लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरचे ३० मीटर व्यापतो, म्हणजे लोणारचं पाणी त्यात जेमतेम चाळीस ठिपके रुंद. खाली पोचल्यावर आधी वास येतो, कुजक्या अंड्यासारखा. काठच्या चिखलावर क्षाराचा पांढरा पापुद्रा असतो, पाय टाकला की भाजलेल्या पापडासारखा मोडतो. मामांनी चप्पल उचलून तळ भाचीला दाखवला. पांढरी कड धरली होती.

“हे तुझ्या चाळीस ठिपक्यांत कुठं आहे?”

“आहे की. काठाचे ठिपके उजळ दिसतात, ते हेच.”

“आणि वास?”

वासाला तिच्याकडे उत्तर नव्हतं. पण तिनं डाव पलटला. “मामा, तळं कसं जन्मलं ते आकारावरून ओळखायचं असेल तर वरूनच बघावं लागतं. चंद्रकोरीसारखं असेल तर ते नदीनं टाकून दिलेलं वळण. बिहारमधला बेगुसरायचा कावर ताल घ्या, बूढी गंडक कधीकाळी तिथून वाहायची. फांद्या फुटलेल्या झाडासारखं असेल आणि एका बाजूला सरळ रेघ असेल तर ते तुमच्या खात्याचं, म्हणजे धरण. हिमनदीच्या जिभेच्या टोकाला निळसर थेंब लोंबत असेल तर तो माझा. आणि असं वाटोळं गरगरीत, दख्खनच्या काळ्या पठारावर एकटंच असेल, तर आकाशातून काहीतरी पडलंय.”

“वाटोळं दिसलं म्हणून उल्का म्हणता येत असतं, तर दीडशे वर्षं शास्त्रज्ञ काय करत होते?”

हा टोला बरोबर बसला. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं लोणारची दखल घेतली. पुढं १८९६ मध्ये अमेरिकन भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह गिल्बर्ट यांनी लोणारचं ॲरिझोनातल्या प्रसिद्ध विवराशी असलेलं साम्य दाखवलं. साम्य अचूक होतं. गंमत अशी, की ॲरिझोनाचं विवर उल्केचं नसून वाफेच्या स्फोटाचं आहे, असं तेव्हा गिल्बर्ट यांचंच मत होतं. दोन वाटोळी विवरं शेजारी ठेवून पाहणारा जाणकार माणूससुद्धा चुकला. लोणारचा निकाल लागला तो तळाला भोकं पाडल्यावर. गाळाखालचे खडक वर काढले तेव्हा त्यांत मॅस्केलिनाइट सापडलं. खडकातल्या स्फटिकाला प्रचंड दाबाचा तडाखा बसला की त्याची अशी काच होते, आणि तेवढा दाब ज्वालामुखीत तयार होत नाही. हा अभ्यास प्रसिद्ध झाला १९७३ मध्ये. पहिला लँडसॅट त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै १९७२ मध्ये, आकाशात गेला होता.

तळ्याचं वय मात्र अजून भांडणातच आहे. खडक तापवल्यावर निघणाऱ्या मंद उजेडावरून काढलेलं वय सुमारे ५२,००० वर्षं, तर खडकात अडकलेल्या आरगॉन वायूवरून काढलेलं सुमारे ५,७०,००० वर्षं. दहा पटींहून जास्त फरक. मामांना हे आकडे ऐकून फार बरं वाटलं. गेजमध्ये एवढी तफावत आली असती तर साहेबांनी मेमो दिला असता, असं ते म्हणाले.

*

दुपारी मेहकरला जेवणं झाल्यावर मामांनी मामींकडून पितळी परात आणि हंडा मागून घेतला. दोन्हींत एकेक तांब्या पाणी ओतलं. परातीत ते काठापर्यंत पसरलं, हंड्याच्या बुडाशी गोळा झालं.

“आता वरून चित्र काढ. कुठं पाणी जास्त?”

“परातीत. पण...”

“थांब.” त्यांनी परातीतून दोन ओंजळी उपसल्या. पाणी चारही बाजूंनी मागं सरलं, पितळ उघडं पडलं. हंडा अर्धा भरून त्यातून दोन ओंजळी काढल्या, तर पाण्याचं वर्तुळ होतं तेवढंच राहिलं. “परात सुकली म्हणून तुम्ही वर्तमानपत्रात फोटो छापणार, आणि हंडा रिकामा होत आला तरी तुम्हाला पत्ता नाही.”

खरं तर मामांचा हा डाव थोडा लबाडीचा होता, कारण परातीची गोष्टही खोटी नसते. १९६० च्या सुमारास अरल समुद्राचं क्षेत्र ६८,००० चौरस किलोमीटर होतं, महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून मोठं. खोली मात्र सरासरी १६ मीटरच्या आसपास. कापसासाठी सोव्हिएत सरकारनं अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कालव्यांत वळवलं आणि ही अवाढव्य परात भराभर सुकत गेली. १९८७ च्या सुमारास तिचे दोन तुकडे झाले. २०१४ मध्ये दक्षिण भागाचा पूर्वेकडचा फाटा उपग्रहचित्रांत कोरडा ठणठणीत दिसला. याच्या उलट बैकल सरोवर. क्षेत्रफळ जुन्या अरलच्या निम्म्याहून कमी, पण सर्वांत खोल जागी १,६४२ मीटर. जगातल्या न गोठलेल्या गोड्या भूपृष्ठजलापैकी जवळपास पाचवा हिस्सा त्या एका हंड्यात आहे.

भाचीनं अरलचंच पुढचं पान काढलं. “कझाकस्ताननं २००५ मध्ये कोक-अरल नावाचा बांध घातला, उत्तरेकडचा तुकडा अडवला. पाणी चढलं, खारटपणा उतरला, मासे परतले. चित्रांत तो निळा डाग आधी अंग चोरून बसलेला दिसतो आणि मग फुगतो. परात भरतानाही आम्हालाच दिसली, मामा. नुसतं सुकणं दाखवत नाही आम्ही.”

“बांध घातला तो माझ्यासारख्यांनीच.”

“घातला ना. नाही कोण म्हणतंय?”

मामांचं मन मात्र उजनीत अडकलं होतं. धरणाच्या सगळ्यांत खालच्या दारापेक्षा वर जे पाणी तो जिवंत साठा, त्याखालचा तो मृत साठा. उजनीचा जिवंत साठा ५३.५७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) आणि मृत साठा ६३.६६ टीएमसी. मेलेलं पाणी जिवंत पाण्याहून जास्त, असं हे धरण. म्हणूनच उन्हाळ्यात उजनी ‘उणे’ होते आणि बाहेरगावच्या माणसाला प्रश्न पडतो, की पाणी उणे असतं म्हणजे काय. जून २०२४ मध्ये उजनी जवळपास उणे ६० टक्क्यांवर गेली. पळसदेवचं एरवी बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं, लोक गाड्या काढून बघायला गेले. त्या वेळी धरणात किती पाणी होतं याचा हिशोब मामांनी वर्तमानपत्राच्या कडेवर मांडला. मृत साठ्यातून जिवंत साठ्याचे ६० टक्के वजा केले, तरी कागदोपत्री साडेएकतीस टीएमसी उरतात. पुण्याला पाणी देणारी चारही धरणं काठोकाठ भरली तरी ती २९.१५ टीएमसी.

“आता सांग, तुझं चित्र काय म्हणेल? धरण मेलं की जगलं?”

“चित्र म्हणेल, पाणी आहे. ते कोणत्या दाराच्या वर नि कोणत्याच्या खाली, ते तुम्ही सांगायचं.”

“आणि त्यात गाळ किती?”

“तेही नाही सांगता येत.” मग तिनंच भर घातली, “भरलेल्या धरणाचं नाही येत. पण पाणी उतरत जातं तसतशी दर महिन्याची किनाऱ्याची रेघ आम्ही घेतो. प्रत्येक रेघेला त्या दिवसाची गेजची पातळी लावली, की कोणत्या पातळीला धरण किती पसरतं ते कळतं. जुन्या नकाशापेक्षा पसारा कमी भरला, तर तिथं गाळ बसलाय. तुमच्याच खात्यात वापरतात ही पद्धत.”

मामांना ते माहीत होतं. पण त्यात गेज लागतोच, हे त्यांनी तिच्या तोंडून वदवून घेतलं.

उपग्रहाला पाणी कसं ओळखू येतं, हेही इथं सांगायला हवं. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण पाणी गिळून टाकतं, म्हणून त्या किरणांच्या चित्रात ते काळं कुट्ट दिसतं आणि हिरवी झाडं लालभडक. यात फसगतीही भरपूर. डोंगराची सावली पाण्यासारखी काळी येते. गोठलेला तलाव बर्फात मिसळून जातो. जलपर्णी पसरली की तळ्याचं शेत होतं, चित्रापुरतं. आणि पावसाळ्यात, जेव्हा तळी खरोखर बदलतात, तेव्हा ढग. ढगांना भेदून पाहायला रडारचे उपग्रह लागतात. आपल्याकडे रिसॅट मालिका आहे आणि जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून इस्रो-नासाचा निसार गेला, तोही रडारचाच.

पातळीचं काय? तर तीही आता वरून मोजता येते. पूर्वीचे रडार उपग्रह फक्त नाकासमोरच्या सरळ रेषेत पाण्याची उंची मोजायचे, त्या रेषेत तळं आलं तर नशीब. डिसेंबर २०२२ मध्ये नासा आणि फ्रान्सच्या सीएनईएसनं सोडलेला स्वॉट १२० किलोमीटर रुंदीचा पट्टा एकदम चाचपतो, सहा हेक्टरांहून मोठ्या तळ्यांची पातळी घेतो, आणि साधारण तीन आठवड्यांत जवळजवळ सगळी पृथ्वी पालथी घालतो.

“तीन आठवडे?” मामा म्हणाले. “पुराच्या रात्री आम्ही तासाला गेज वाचायचो.”

“पण एकाच धरणाचा, मामा.”

इथं भाचीची बाजू पहिल्यांदा जड झाली. २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात लँडसॅटची तीस लाख चित्रं तपासली होती. सुमारे तीन दशकांत पृथ्वीवरून ९०,००० चौरस किलोमीटरच्या आसपास कायमचं भूपृष्ठजल नाहीसं झालं, आणि दुसरीकडे १,८४,००० चौरस किलोमीटर नवं तयार झालं, त्यातलं बरंचसं धरणांमागे. २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात जगातले १,९७२ मोठे तलाव आणि जलाशय घेतले होते, तर निम्म्याहून जास्त ठिकाणचं पाणी १९९२ ते २०२० या काळात घटलेलं निघालं. दोन हजार तळ्यांवर दोन हजार मामा बसवता येत नाहीत. बसवले तरी १९९२ पासूनच्या वह्या कुठून आणणार? उपग्रहाजवळ त्या आहेत.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मोजलंत, छान केलंत. त्या सिक्कीमच्या तळ्याचंही मोजलं होतं ना?”

*

हा प्रश्न येणार, हे भाचीला सकाळपासून ठाऊक असावं.

सिक्कीममधला दक्षिण ल्होनक तलाव, ५,२०० मीटरवर. हिमनदी मागं हटते, तिनं पूर्वी ढकलून आणलेली दगडमातीची रास पुढं बांधासारखी उभी राहते आणि मधल्या खड्ड्यात वितळलेलं पाणी साचतं. असा हा तलाव उपग्रहांच्या डोळ्यांदेखत वाढला. तो फुटू शकतो, हे चित्रांवरून केलेल्या अभ्यासात २०१३ मध्येच लिहून झालं होतं. २०१६ मध्ये सोनम वांगचुक यांच्या मदतीनं तिथं आठ इंची पाइप टाकून थोडं पाणी खाली उतरवण्याचा प्रयत्नही झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये पूर्वसूचनेसाठी पहिली उपकरणं बसवली गेली, पुढची यंत्रणा व्हायची होती.

तारखा आणि क्षेत्रफळं इस्रोनं नंतर जाहीर केली, ती अशी. १७ सप्टेंबर, १६२.७ हेक्टर. २८ सप्टेंबर, १६७.४ हेक्टर. ४ ऑक्टोबर सकाळी, ६०.३ हेक्टर.

३ ऑक्टोबरच्या रात्री काठावरची सुमारे १४.७ दशलक्ष घनमीटर गोठलेली दगडमाती तलावात कोसळली. लाट उठली, बांध फुटला, अंदाजे ५० दशलक्ष घनमीटर पाणी तीस्तेच्या खोऱ्यात उतरलं. मामांनी सवयीनं भागाकार केला. पावणेदोन टीएमसी, म्हणजे जवळजवळ खडकवासला धरण. सुमारे ६५ किलोमीटर खाली चुंगथांगला १,२०० मेगावॉटचं तीस्ता-३ धरण होतं. त्याचे दरवाजे वेळेत उघडता आले नाहीत, ते वाहून गेलं. खोऱ्यात पन्नासहून अधिक माणसं मेली, सत्तरच्या वर बेपत्ता झाली.

“दशांश चिन्हापर्यंत मोजलं होतं,” मामा म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता.

“हो.”

“१८९४ मध्ये काय होतं आपल्याकडे? विमानसुद्धा नव्हतं.”

मामांनी मग गोहनाची गोष्ट सांगितली. ही त्यांची ठेवणीतली गोष्ट, खात्यातल्या जुन्या पुस्तकात वाचलेली. सप्टेंबर १८९३ मध्ये गढवालमध्ये बिरही गंगेच्या पात्रात अख्खा डोंगर कोसळला. जवळपास ९०० फूट उंचीचा आपोआप बांध झाला आणि मागं तळं साचायला लागलं. पुलफोर्ड नावाचे इंजिनिअर जाऊन पाहून आले. तळं किती भरायचं राहिलंय आणि पाणी किती येतंय, याचा हिशोब करून त्यांनी सांगितलं, की पुढच्या वर्षी ऑगस्टच्या मध्याला ते काठावरून वाहील. लगेच काही होणार नाही, वर्षभर आहे, कामाला लागा. तळ्यावर एक अधिकारी बसवला. तिथून हरिद्वारपर्यंत तारेची लाइन ओढली. खोऱ्यात पूर कुठवर चढेल त्या खुणेचे खांब उभे केले. झुलते पूल वाचावेत म्हणून आधीच उतरवून ठेवले. यात्रेकरूंची वाट बदलली. २५ ऑगस्ट १८९४ ला पाणी बांधावरून वाहू लागलं आणि त्या रात्री बांध फुटला. गढवालचं श्रीनगर धुऊन निघालं. माणसं गेली पाच, एक फकीर आणि त्याचं कुटुंब. त्यांनाही हलवलं होतं, ती परत आली होती.

“एक काठी, एक तार आणि एक त्रैराशिक,” मामा म्हणाले. “बास.”

भाचीनं ही गोष्ट पूर्वीही ऐकली होती, पण यावेळी तिनं ती तशीच गिळली नाही. “मामा, पुलफोर्डना चालत जाता आलं. तळं आपल्या हद्दीत होतं, भरायला वर्ष लागणार होतं. आता पारेछूचं ऐका.”

पारेछू ही स्पितीला मिळणारी नदी, स्पिती पुढं सतलजला मिळते. २००० साली सतलजला अचानक महापूर आला, हिमाचलात शंभराहून जास्त बळी गेले, आणि पाणी आलं कुठून हे आधी कुणालाच कळलेलं नव्हतं. २००४ च्या उन्हाळ्यात तिबेटच्या हद्दीत पारेछूवर दरड कोसळून तळं साचलं. या वेळी ते हैदराबादच्या दूरसंवेदन संस्थेनं चित्रांत पकडलं. भारतीय तज्ज्ञांना तिथं जायला मिळालं नाही. काठी रोवायचा प्रश्नच नव्हता. मग जवळपास वर्षभर ते तळं फक्त वरून पाहिलं गेलं: किती पसरलं, गोठलं का, वसंतात परत भरतंय का. खालच्या गावांना सावध करून लोक वर हलवले. २६ जून २००५ ला तळं फुटलं. पूल गेले, रस्ते गेले. माणूस एकही दगावला नाही.

“तुमचा गेज सीमेपाशी थांबतो,” भाची म्हणाली. “उपग्रहाला सीमा दिसतही नाही.”

मामांनी मान डोलावली. हार मानली असं नाही, पण सुपारी कातरायचे थांबले.

मग तिनंच, न मागता, त्यांच्या बाजूचं एक उदाहरण दिलं. फेब्रुवारी २०२१, उत्तराखंडातलं चमोली. ऋषीगंगेला आलेल्या पुरानंतर वर मलब्यानं प्रवाह अडून एक तलाव झाला. चित्रांतून त्याची लांबी-रुंदी मिळाली. खोली मिळेना. तो फुटला तर खाली किती पाणी येईल, हे खोलीशिवाय सांगता येईना. शेवटी नौदलाच्या पाणबुड्यांना हेलिकॉप्टरमधून दोरीनं खाली सोडलं. सुमारे १४,००० फुटांवर, गोठायला आलेल्या पाण्यावर, हातातल्या प्रतिध्वनी यंत्रानं त्यांनी खोली मोजली.

“म्हणजे अखेर काठी लागलीच,” मामा.

“काठीच. फक्त हेलिकॉप्टरमधून.”

दोघंही हसले. पण दोघांचं ऐकणाऱ्या तिसऱ्याला एक गोष्ट खटकत राहते. गोहना, पारेछू आणि ल्होनक या तिन्ही ठिकाणी तळं आधी दिसलं होतं. पहिलं डोळ्यांनी, उरलेली दोन उपग्रहानं. दिसण्यात कमतरता कुठेच नव्हती. गोहनाला ज्यानं पाहिलं त्याच्याच हातात तारेचं यंत्र होतं आणि पूल उतरवायचा अधिकारही त्याच्याच खात्याकडे होता. पारेछूला पाहणारे हैदराबादला आणि गावं हलवणारे हिमाचलात, तरी फोन वेळेवर झाले. ल्होनकला पाहणारे होते, पाइप टाकणारे होते, उपकरणं बसवणारेही होते. धरणाचं दार उघडणारा माणूस आणि तलाव पाहणारा माणूस यांच्यामध्ये मात्र त्या रात्री वेळेत पोचणारं काहीच नव्हतं. मामा-भाचीचं भांडण उंचीवरून चाललं होतं, काठीच्या उंचीवरून पाहावं की सातशे किलोमीटरवरून. तीस्तेच्या खोऱ्यातल्या माणसांना या दोन्ही उंचींचा उपयोग झाला नाही.

*

संध्याकाळी भाची बॅग भरत असताना मामा जुनी वही घेऊन आले. उजनीच्या पातळ्यांची नव्हे, कोरी पानं उरलेली. “तुझ्याकडचं आत्ताचं कुठलं तळं आहे, वाढणारं? एकच सांग.”

इस्रोनं २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आकड्यांनुसार, हिमालयातल्या भारतीय नद्यांच्या खोऱ्यांत दहा हेक्टरांहून मोठे २,४३१ तलाव २०१६-१७ मध्ये नोंदले गेले. त्यांपैकी ६७६ तलाव १९८४ पासून लक्षणीय पसरले आहेत, त्यातले १३० भारतात. पसरलेल्यांपैकी ६०१ तर दुपटीहून अधिक झालेत. इतक्यांतून एक निवडायचा म्हणजे अवघडच. भाचीनं घेपांग घाट निवडला. हिमाचलच्या लाहौलमधला, ४,०६८ मीटरवरचा.

“हा कुठं आला?”

“सिस्सूच्या वर. अटल बोगद्यातून मनालीहून पलीकडे निघालं की गाव लागतं ना, धबधब्याचं? आपली महाराष्ट्रातली माणसं तिथं चहा-मॅगीला थांबतात. मागच्या उन्हाळ्यात तुम्हीही थांबला होतात, मामींनी फोटो पाठवला होता.”

मामांना तो चहा आठवला. समोरच्या नाल्याचं पाणी दुधी होतं, हेही आठवलं. दगडाची पिठी मिसळलेलं, हिमनदीखालून येणारं पाणी. ते कुठून येतं हे तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं.

वहीच्या नव्या पानावर त्यांनी सवयीनं दोन रकाने आखले, एका बाजूला साल, दुसऱ्या बाजूला क्षेत्र. खोलीचा तिसरा रकाना आखून कोरा ठेवला. भाची सांगत गेली, ते लिहीत गेले. १९८९, ३६.४९ हेक्टर. २०२२, १०१.३० हेक्टर.